विचारल्याशिवाय गोळी नाही

माझी आई विचारल्याशिवाय कुणाला गोळी देत नसे. ती आरोग्यसेविका होती. गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या एका उपकेंद्रात तिने सव्वीस वर्षं काढली. त्या भागात औषध म्हणजे मुख्यतः हिवतापाचं. बोटाला टोचायचं, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टी तपासायला पाठवायची, निकाल आला की गोळ्या द्यायच्या. पण गोळी हातावर ठेवण्याआधी तिचे प्रश्न असत. पोटात बाळ आहे का? अंगावर पाजतेस का? कावीळ झाली होती का कधी? मागच्या वेळी गोळी खाऊन लघवी काळ्या चहासारखी झाली होती का? फिट येते का, डोक्याचा काही त्रास? आणि सगळ्यात शेवटी, "जेवली का? उपाशी त नाईस ना?"

उपाशी आहे असं कळलं की गोळी परत डबीत जायची. आमची खोली उपकेंद्राच्या मागेच होती. आई तिथून भाताचे चार घास आणायची, समोर बसून खायला लावायची आणि मगच गोळी द्यायची. एकदा तालुक्याचे एक पुढारी जीप दारात चालू ठेवून गोळ्या मागायला आले आणि प्रश्न ऐकून चिडले. आईने त्यांनाही भात वाढला. त्यांनी तो खाल्ला.

खोटं बोलणाऱ्यांचाही तिला राग नव्हता. नवी सून सासूबरोबर आली की सगळी उत्तरं सासूच द्यायची. नाही, पोटात काही नाही. नाही, कावीळ नाही. आई सासूला म्हणायची, बाई, जरा हापशावरून तांब्याभर पाणी आणता का? सासू पाण्याला गेली की तेच प्रश्न ती सुनेला पुन्हा विचारायची, आणि उत्तरं बदललेली असायची. मी हे लहानपणी शंभर वेळा पाहिलंय. म्हणून पुढचं सगळं मी अजाणतेपणी केलं, असं म्हणायची मला सोय नाही.

मी अक्षया. डब्लिनच्या पश्चिमेला ॲडम्सटाउनमध्ये राहते आणि औषधांच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. क्वालिटी म्हणजे लोकांच्या चुका शोधून त्यांच्याकडून लिहून घेण्याचं काम. आमच्या धंद्यात एक वचन आहे, लिहिलं नाही तर घडलं नाही. मशिनची स्वच्छता केली पण नोंद नाही, तर स्वच्छता झालीच नाही. नव्या लोकांना पहिल्या दिवशी हे मीच शिकवते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आई गेली दोन हजार वीसच्या ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. निवृत्त होऊन तिला वर्ष झालं होतं. इकडे आयर्लंडमध्ये आठवडाभरापूर्वीच दुसरा मोठा लॉकडाउन लागला होता आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. मला आठ हजार किलोमीटर जायचं होतं. बाबांनी फोनवर सांगितलं की तिला दवाखान्यातूनच नेलं, त्यांनाही जवळ जाऊ दिलं नाही. मग ते म्हणाले, "तू जेवून घे बाई." मी जेवले. दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं आणि तीन अहवाल तपासले.

पंधरा दिवसांनी झोप उडाली. छातीत धडधडायचं. सुपरव्हॅल्यूच्या दुकानात कांदे घेता घेता मी ट्रॉली तिथेच सोडून घरी यायचे. माझा नवरा राजीव पुण्याचा. ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला, पण तेव्हा तो आमच्या छोट्या खोलीतूनच काम करत होता. त्याने जीपीला, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना, फोन लावून माझ्या हातात दिला. काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, काही नाही डॉक्टर, नुसतं टेन्शन आहे.

आता आपल्याकडे टेन्शन म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला कळतं. डॉक्टरांना मात्र ते ब्लडप्रेशर वाटलं. घरात कुणाला हायपरटेन्शन होतं का, मीठ किती खाता, असं विचारून त्यांनी मला मशिन घ्यायला आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायला सांगितलं. मी क्वालिटीतली बाई. तक्ता आखून, तारीख-वेळ-सही घालून अठ्ठावीस नोंदी केल्या. सगळ्या उत्तम. एकशे अठरा, शहात्तर. चौदाव्या दिवशी फोनवर तो तक्ता वाचून दाखवता दाखवता अकराव्या ओळीला मला रडू फुटलं आणि थांबेना. डॉक्टरांनी मला रडू दिलं. मग त्यांनी हळूच विचारलं की अलीकडे घरात कुणी गेलंय का.

त्या दिवशी त्याला नाव मिळालं. डिप्रेशन, आणि त्याबरोबर पॅनिक. सहा महिने गोळ्या चालल्या, दर पंधरा दिवसांनी एका बाईशी व्हिडिओवर बोलणं झालं, आणि मी वर आले. मे महिन्यात गोळ्या बंद झाल्या. हे माहीत फक्त राजीवला आणि मला. सासूबाईंना थायरॉइड सांगितलं होतं. इथल्या मराठी मंडळींनाही थायरॉइडच. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं राजीव म्हणायचा, आणि मला ते पटलेलं होतं.

मला एकच गोष्ट छळत होती. आई स्वप्नात येत नव्हती. बाबांच्या स्वप्नात ती रोज यायची म्हणे. व्हिडिओ कॉलवर ते सहज सांगायचे, काल तुझी माय आली होती, कोठी आवरत होती. मला इतका हेवा वाटायचा की मी विषय बदलायचे. शेवटचं पाहिलं नाही, ते समजू शकते, तेव्हा जगात कुणालाच ते मिळत नव्हतं. पण स्वप्नाला कसलं आलंय पाच किलोमीटरचं बंधन? झोपताना मी तिच्या साडीचा काठ आठवायचे, तिच्या स्पिरिटच्या वासाचे हात आठवायचे, आणि रात्रभर मला कारखान्याची गोदामं दिसायची.

दोन हजार एकवीसच्या ऑगस्टात आमच्या लसी पूर्ण झाल्या आणि मी नऊ ऑक्टोबरचं तिकीट काढलं. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आईचं वर्षश्राद्ध होतं. राजीवचं ऑफिस नुकतंच उघडत होतं, त्यामुळे मी एकटीच जाणार होते. मी बाबांना सांगितलं, काहीही झालं तरी येणार. ते म्हणाले, "यंदा हिवताप लई आहे. तिकडूनच गोळ्या सुरू करून ये. नाई त तुझी माय मले सपनात येऊन रागावन."

आमच्या गावात वाढलेल्या माणसाला हिवताप काही नवा नाही. पण पंधरा वर्षं बाहेर राहिलं की अंगातली सवय जाते, आणि मग पाहुण्यासारखी काळजी घ्यावी लागते. हे आईनेच शिकवलं होतं. जवळच्या लुकनमध्ये प्रवासाच्या लसी आणि औषधं देणारा एक दवाखाना आहे, तिथली वेळ घेतली. आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. गरोदर आहात का, नाही. मूत्रपिंडाचा, यकृताचा आजार, नाही. हृदयाचे ठोके अनियमित, नाही. फिट, नाही. पुढची ओळ होती, तुम्हाला कधीही नैराश्य, चिंताविकार किंवा इतर मानसिक आजार झाला आहे का?

राजीव शेजारी चहा पीत उभा होता. मी थांबलेली पाहून त्याने वाकून वाचलं.

"तुला टेन्शन होतं गं," तो म्हणाला. "आई गेल्यावर कुणाला नसतं? हे लोक आजाराबद्दल विचारतायत."

त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला मी बरी हवी होते, आणि बरी असण्याचा त्याचा अर्थ असा की काही झालंच नव्हतं. मला वेगळीच भीती होती. हो लिहिलं, तर ते म्हणतील या बाईने एकटीने एवढा प्रवास करू नये. पत्र लागेल, तपासणी लागेल, तारीख पुढे जाईल. एकदा आई गेली तेव्हा मी पोहोचले नव्हते. आता वर्षश्राद्धालाही पोहोचले नाही, तर मला ते सहन झालं नसतं. हा दवाखाना वेगळा, माझा जीपी वेगळा, यांच्याकडे त्यांची फाइल नाही. लिहिलं नाही तर घडलं नाही. मी 'नाही'वर खूण केली.

दवाखान्यात नोरा नावाची नर्स होती. मलिंगार गावची, साठीच्या आसपासची, मास्कवर चष्मा चढवलेली. फॉर्म समोर असूनही तिने सगळे प्रश्न पुन्हा तोंडी विचारले. मला आश्चर्य वाटलं नाही, मी अशाच बाईच्या हाताखाली वाढले होते. त्या ओळीवर आल्यावर तिने पेन खाली ठेवलं. मन फार खचलंय, झोप लागत नाही, घाबरायला होतंय, असं कधी झालं का? बाळंतपणानंतर, घरातलं कुणी गेल्यावर, कधीही?

नाही, मी म्हणाले. थोडं टेन्शन असतं कधीकधी.

ब्लडप्रेशर का, असं म्हणून तिने दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. ग्रँड, ती म्हणाली, म्हणजे इकडच्या भाषेत उत्तम. गेल्या वर्षी ज्या शब्दाने मला बुडवलं होतं, त्यानेच आता मला पार नेलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, मी तर भांडं तिच्यासमोर धरलं होतं आणि तिला ते दिसलं नव्हतं.

तिने पर्याय सांगितले. दोन औषधं रोज घ्यायची होती, एक आठवड्यातून एकदा. आठवड्याचं औषध सगळ्यांना चालत नाही, ती म्हणाली. मनाचा काही त्रास होऊन गेला असेल त्यांना ते मुळीच देत नाहीत. भयानक स्वप्नं पडतात, जुनं दुखणं उलटतं. म्हणून ते तीन आठवडे आधी सुरू करतात, म्हणजे सोसत नसेल तर माणूस घरी असतानाच कळतं. तसं काही वाटलं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि तिला फोन करायचा. तुला रोजचीच देते, ती सोपी, असं तिचं म्हणणं होतं.

मी आठवड्याची मागितली. रोज घ्यायला विसरते, असं कारण दिलं. हेही खोटंच, मी काहीच विसरत नाही. खरं कारण असं की लहानपणी पावसाळ्यात आई मला हिवतापाची गोळी आठवड्यातून एकदा द्यायची, गुरुवारी, बाजाराच्या दिवशी. आधी भात, मग गोळी, मग गुळाचा खडा. आठवड्याची गोळी म्हटल्यावर माझ्या तोंडात तो गूळ आला, आणि मी चाळिशीकडे झुकलेली, औषधांच्या कारखान्यात पगार घेणारी बाई, गुळासाठी औषध निवडून बसले. डॉक्टरांनी सही केली.

खोक्यात एक छोटं कार्ड होतं. पूर्वी नैराश्य आलं असल्यास हे औषध घेऊ नये, असं त्यावर ठळक लिहिलेलं. असली कार्डं खोक्यात बरोबर पडतात की नाही हे तपासणं हे माझंच काम आहे. मी ते वाचलं आणि प्रेसमध्ये, पोह्यांच्या डब्यामागे ठेवून दिलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आम्हीही म्हणायला लागलोय.

पहिली गोळी एकोणीस सप्टेंबरला, रविवारी, जेवणानंतर घेतली. मंगळवारी पहाटे आई आली.

आमच्या ॲडम्सटाउनच्या स्वयंपाकघरात ती चहापत्ती शोधत होती. एकामागून एक प्रेस उघडत होती. अंगावर ड्यूटीची पांढरी साडी, निळा काठ. तिच्या मानेवरचा तीळसुद्धा दिसला, जो मी विसरून गेले होते. मी उठले तेव्हा उशी ओली होती आणि मी इतकी सुखात होते की राजीवला हलवून उठवलं. आई आली होती, मी म्हणाले. त्याने मला जवळ घेतलं. बघ, जायचं ठरलं आणि मन मोकळं झालं, तो म्हणाला.

ते गोळीमुळे असेल हे मला त्याच सकाळी, दात घासताना कळलं होतं. उगाच कशाला भोळेपणाचा आव आणू? खूप ठळक स्वप्नं पडणं हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. पण वर्षभर दार ठोठावून थकलेल्या माणसाला दार कुणी उघडलं याची चौकशी करवत नाही. मी कॅलेंडरवर दुसऱ्या रविवाराकडे डोळे लावून बसले.

त्या आठवड्यात ती आणखी दोनदा आली. एकदा उपकेंद्राच्या पायरीवर बसून काचपट्ट्या पुसत होती, एकदा नुसती पाठमोरी. आणि दिवसा दुसरंच काहीतरी परत येत होतं. गुरुवारी गाडी चालवताना तळहात घामाने भिजले. शुक्रवारी राजीवने मागून हाक मारली तर मी किंचाळले. ओळखीची लक्षणं होती सगळी, मागच्या वर्षीचीच. मी मनाशी हिशोब मांडला की दिवसा थोडं घाबरायचं आणि पहाटे आईला भेटायचं, हा सौदा महाग नाही. दुसऱ्या रविवारी दुसरी गोळी घेतली. जेवण जात नव्हतं, तरी वरणभात गिळला, कारण उपाशीपोटी गोळी नाही.

बुधवारी कारखान्यात, स्वच्छ खोलीत जाण्याआधी कपडे बदलतात त्या जागेत, एक हातमोजा घातला आणि दुसरा घालता येईना. श्वास वर अडकला. बाकावर चाळीस मिनिटं बसून राहिले. शेवटी एका सहकारी बाईने येऊन विचारलं, तेव्हा साखर कमी झाली म्हणून सांगितलं. थायरॉइड झालं, टेन्शन झालं, आता साखर. एक खरं नाव सोडून मी सगळे आजार घेऊन झाले होते.

घरी राजीवने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "परत सुरू झालंय का?" मी नाही म्हणाले. त्याने विश्वास ठेवला, किंवा ठेवायचं ठरवलं. माझ्या मनात एकच होतं. दहा दिवस काढायचे, विमानात बसायचं, आईच्या घरी पोहोचायचं. मग काय व्हायचं ते होवो.

तिसऱ्या रविवारी पहाटे ती पुन्हा आली. उपकेंद्राची ओसरी होती, बाजाराचा दिवस होता, रांग लागली होती, आणि रांगेत मी होते, आता आहे तेवढीच, कारखान्याच्या ओळखपत्रासकट. आई समोर डबी घेऊन बसली होती. माझा नंबर आला. आता ती विचारणार म्हणून मी पुढे सरकले. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, सगळी खरी. तिने मान वर केली नाही. माझा हात धरला, त्यावर गोळी ठेवली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

मी म्हणाले, "आई, विचार ना."

ती पुढच्या हातावर गोळी ठेवत होती, मग त्याच्या पुढच्या. कुणालाच काही विचारत नव्हती. रांगेत एक बाई होती, पोट स्पष्ट दिसत होतं, तिलाही तिने तशीच गोळी दिली. मी घाबरून ओरडले आणि जागी झाले.

उजाडेपर्यंत मी घरातल्या जिन्यावर बसून होते. मला राग आला होता, आणि खूप दिवसांनी तो स्वच्छ राग होता. ती माझी आई नव्हती. माझी आई सव्वीस वर्षांत एकदाही अशी वागली नाही. हातात धरण्यासारखं तिचं जे होतं, ते तिचे प्रश्न होते, आणि नेमके तेच त्या गोळीला बनवता आले नाहीत. चेहरा जमला, काठ जमला, तीळ जमला. आणि मी त्या नकलेसाठी आईच्या एकमेव नियमाला हरताळ फासून तीन आठवडे खोटं बोलत होते. नोराने विचारलं होतं. तोंडी, पेन खाली ठेवून विचारलं होतं. माझ्या आईसारखं तर त्या वर्षभरात तीच वागली होती.

त्या रविवारी मी गोळी घेतली नाही. सोमवारी सकाळी नऊला दवाखाना उघडला तेव्हा फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, राजीव समोर लॅपटॉप उघडत होता. नोरा फोनवर आली आणि मी नाव सांगितलं. काय झालंय गं, असं तिने विचारलं. राजीवने माझा चेहरा पाहिला आणि हाताने खूण केली, म्हणजे मी बोलू का. तो बोलला असता. तिला जरा दगदग झालीय, असं काहीतरी त्याने नीट सांगितलं असतं.

"राजीव, वरून माझी पाण्याची बाटली आणतोस का?" मी म्हणाले.

तो वर गेला. मी नोराला सगळं सांगितलं. फॉर्मवर खोटं लिहिलं हे आधी सांगितलं, मग नावं सांगितली, नैराश्य, पॅनिक, कोणत्या गोळ्या, किती महिने, कधी बंद केल्या. टेन्शन म्हणजे आमच्या भाषेत काय असतं तेही सांगितलं. ब्लडप्रेशर नव्हे, मी म्हणाले, आई गेली ते. दोन गोळ्या घेतल्यात, आणि पुन्हा सगळं सुरू झालंय. राजीव बाटली घेऊन खाली आला होता. दारातच थांबला आणि ऐकत राहिला. मी थांबले नाही.

नोरा रागावली नाही. कान धरला असता तर मला सोपं गेलं असतं. ती एकेक विचारत गेली आणि मी एकेक खरं सांगत गेले. स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय का? नाही. असं कधी वाटलं होतं का? गेल्या वर्षी, दोनदा. हे राजीवला माहीत नव्हतं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. गोळी आजच बंद, नोरा म्हणाली, डॉक्टर दुपारी स्वतः फोन करतील, आणि माझ्या जीपीलाही आज ना उद्या मला पाहावं लागेल. रोजच्या दोन औषधांतलं एक मला चालेल, ते निघण्याच्या दोन दिवस आधी सुरू करता येतं. घरी जाशील तू, तिने सांगितलं, डॉक्टरांनी हो म्हटलं तर जाशील, पण एकटी नाही. राजीवने लगेच मान हलवली, जणू तिला ते दिसत होतं.

म्हणजे मी पोहोचणार होते. एवढे दिवस ज्याच्यासाठी खोटं बोलले, ते खरं बोलूनही मिळत होतं. हसावं की रडावं ते कळेना.

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. हे औषध अंगातून जायला किती दिवस लागतात?

बरेच आठवडे लागतात, ती म्हणाली. हळूहळू उतरतं. मध्ये एखाद-दोनदा स्वप्नं पडतील, घाबरू नकोस. आणि मग ती पूर्ण थांबतील, देवाच्या कृपेने.

तिने ते दिलासा म्हणून सांगितलं. तिला काय माहीत? मी बरं म्हणाले आणि ओट्याची कड धरली. खोटी का असेना, पांढऱ्या साडीतली ती बाई आता थोडी थोडी करून जाणार होती, आणि या वेळी तिला मीच जाऊ दिलं होतं. मला आई हवी होती. प्रश्न विचारणारी, न विचारणारी, पाठमोरी, कशीही. सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता, फोन कानाला लावून, मला फक्त तीच हवी होती.

फोनवर नोरा काहीतरी टाइप करत होती. मग ते थांबलं.

"आणखी एक विचारते," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लंस का, बाळा?"

मी नाही म्हणाले. कालपासून उपाशी आहे, म्हणाले.

मग आधी खाऊन घे, ती म्हणाली, मी फोन धरून आहे. राजीवने रात्रीचा भात काढला, त्यावर दही घातलं आणि ताटली माझ्यापुढे ठेवली. मी नोराला ऐकू जाईल अशा बेताने, रडत रडत, चार घास खाल्ले.